जुना ड्रम: नवा करावा की आहे तसा जपावा?

साठच्या दशकातला एखादा लुडविग ड्रम हाती आला की पहिली ऊर्मी येते ती त्याला चकचकीत करण्याची. ती काही दिवस दाबून ठेवावी. मूळ आवरण किंवा मुलामा एकदा काढला की परत मिळत नाही, आणि ड्रमचं मोल बहुधा त्यातच असतं.

पाहणी आतून सुरू करा. हेड काढून शेलच्या आत टॉर्च मारा. शिकागोच्या या कंपनीच्या लाकडी ड्रमांना पन्नासच्या दशकात आतून पांढरा रंग असे. पुढे साठच्या दशकात करडा, ठिपक्याठिपक्यांचा रंग आला आणि त्या दशकाच्या अखेरीस साधं पारदर्शक वार्निश. आत बऱ्याचदा तारखेचा लाल शिक्काही सापडतो. शेलवरच्या कंपनीच्या बिल्ल्यावर क्रमांक येऊ लागले 1963च्या सुमारास, पण कारखान्यात बिल्ले क्रमवार लावले जात नसत, त्यामुळे शिक्का मिळाला तर तो जास्त भरवशाचा. आतला रंग खरवडून ‘छान लाकूड’ उघडं करणारा माणूस ड्रमच्या वयाचा हा पुरावाच पुसून टाकतो. मला यापेक्षा मोठं नुकसान दुसरं वाटत नाही.

आता बाहेरची बाजू. एक लग, म्हणजे हेड ताणणारा स्क्रू ज्यात बसतो तो शेलवरचा धातूचा भाग, काढा आणि त्याखाली झाकलेला तुकडा पाहा. बाहेर जुन्या हस्तिदंतासारखा पिवळट दिसणारा मोतिया ड्रम तिथे पांढराशुभ्र निघतो. हिरवट वाटणारा ड्रम लगखाली स्वच्छ निळा, चमचमता असतो. रॅपचा, म्हणजे शेलवर चिकटवलेल्या आवरणाचा, वरचा पारदर्शक थर उजेडाने आणि वयाने पिवळा पडतो, आणि निळ्यावर पिवळं चढलं की हिरवं दिसणारच. हा पिवळेपणा थराच्या आत मुरलेला असतो. घासून तो जात नाही, ओरखडे मात्र उठतात. मळाची गोष्ट वेगळी. सौम्य साबणाच्या पाण्यात मऊ फडकं बुडवून, घट्ट पिळून, लपणाऱ्या एखाद्या जागी फिरवा. फडक्यावर तपकिरी डाग उतरला तर बहुधा तो क्लबांमधला सिगारेटचा धूर. तो खुशाल काढावा.

जुनी रॅप पुष्कळदा सेल्युलॉइडची असते. ती ॲसिटोनने विरघळते आणि झटकन पेट घेते, म्हणून उष्णता आणि घासायचं मशीन दोन्ही लांब ठेवा. काळानुसार ती आकसते आणि जोडाशी सुटू लागते. सुटलेली कडा चिकटवून, लाकडी पट्टीखाली हलक्या हाताने दाबून ठेवली की बहुतेक वेळा काम भागतं. जोडात थोडी फट राहिली तर राहू द्यावी. ओढून टोकं जुळवायला गेलात तर रॅप तडकते.

1964 साली बीटल्स अमेरिकेच्या टीव्हीवर झळकले आणि रिंगो स्टारच्या काळ्या मोतिया लुडविगसारखे सेट सगळ्यांना हवेसे झाले. आज त्याच नक्षीची नवी रॅप विकत मिळते. त्यामुळे तशी नवी रॅप चढवलेला ड्रम पाहिला की जाणकार आधी संशयानेच बघतो.

धातूच्या ड्रमांचं गणित निराळं. लुडविगच्या 1920च्या दशकातल्या ब्लॅक ब्यूटी या स्नेअर ड्रमच्या पितळी शेलवर काळ्या निकेलचा पातळ थर असे आणि कोरीव नक्षीतून खालचं पितळ दिसे. पितळाचं पॉलिश चोळलं की तो काळा थरच झिजतो आणि नक्षी फिकट होते. लुडविगच्याच सुप्राफोनिक या स्नेअर ड्रमचं शेल सुरुवातीला पितळी होतं, मग ॲल्युमिनियमचं झालं. ॲल्युमिनियमवर क्रोम नीट धरत नाही, त्यामुळे त्यावर खड्डे आणि फोड येतात. यात कारागिराचा दोष नसतो आणि पॉलिशने ते भरतही नाहीत. पापुद्रा निघून हाताला लागत नसेल तर मी हात लावणार नाही. आवाजात त्याने काही बिघडत नाही. रिम आणि लगवरचा गंज मात्र काढलाच पाहिजे, विशेषतः कोकणपट्टीच्या दमट हवेत, कारण तो पसरतो.

आवाजासाठी पाहायची ती शेलची कड. सपाट जाड काचेवर शेल ठेवा, आत दिवा लावा, खोलीत अंधार करा. कडेखालून कुठे उजेड झिरपतो ते खुणेने टिपा. फट बारीक असेल आणि ड्रम सुरात लागत असेल तर ती सोडून द्या. कड नव्याने कापायची तर मूळ गोलसरपणा राखणाऱ्या अनुभवी माणसाकडूनच कापून घ्यावी. आजच्या पद्धतीची धारदार कड केली की जुन्या लाकडाचा गोलसर, उबदार आवाज तीक्ष्ण होतो.

मग नवं रूप द्यायचं कधी? आधीच्या मालकाने रॅप सोलून ऑइल पेंट फासला असेल किंवा शेलला नको तिथे भोकं पाडली असतील, तर जपण्यासारखं बाहेर फारसं उरलेलं नसतं. तिथे मोकळ्या मनाने नवी रॅप चढवा. तरीही आतला रंग, शिक्का आणि बिल्ला जसाच्या तसा ठेवा. काढलेला प्रत्येक स्क्रू पिशवीत घालून, वर चिठ्ठी लावून ड्रमसोबतच ठेवा, म्हणजे पुढच्या मालकाला मूळ काय आणि नंतरचं काय ते कळेल.