एकच उंबरठा, चार राज्ये

शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या मुलाला इतिहास कसा शिकवावा, हा प्रश्न पालकांना हमखास पडतो. गणिताला उदाहरणे असतात, विज्ञानाला प्रयोग. इतिहास म्हणजे पाठांतर, असा समज रूढ आहे. बेळगाव-निपाणी पट्ट्यात त्यात आणखी एका अडचणीची भर पडते. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या सीमादाव्यामुळे येथील इतिहास अक्षरशः न्यायप्रविष्ट आहे. वर्गात निदान शेजारच्या बाकावर कन्नड घरातले मूल असू शकते. घरी मात्र वडीलधाऱ्यांच्या मताचा प्रतिवाद करणारे कोणी नसते. ते काम वस्तूंकडून आणि कागदांकडून करून घ्यावे लागते.

सर्वांत उत्तम साधन माळ्यावरच्या जुन्या ट्रंकेत सापडते. पणजीचा जन्मदाखला, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, शेताचे उतारे, लग्नपत्रिका, पत्रांची पाकिटे हे सारे मुलाने स्वतः बाहेर काढून तारखेनुसार मांडावे. जुन्या कागदांवर मुंबई इलाखा, मग मुंबई राज्य, १ नोव्हेंबर १९५६ नंतर म्हैसूर आणि १ नोव्हेंबर १९७३ नंतर कर्नाटक! २०१४ च्या त्याच तारखेला बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. घर मात्र तसूभरही हलले नाही. १ नोव्हेंबरला शहरात एकीकडे राज्योत्सव आणि दुसरीकडे काळा दिवस का पाळला जातो, हे त्यानंतर फारसे समजावून सांगावे लागत नाही. (१९६१ पूर्वीचे पोर्तुगीज कागद, त्यानंतर केंद्रशासित प्रदेश आणि १९८७ पासून राज्य, असा क्रम गोव्यातील घरांतही लावून पाहता येईल.) एखादा कागद मोडी लिपीत निघाला, तर तो बाजूला न टाकता आधी त्यातील आकडे आणि नावे ओळखण्याचा सराव करावा.

हे कागद दोरीवर चिमट्यांनी टांगावेत. एका वर्षाला पाच सेंटीमीटर धरले, तर १९२४ ते २०१४ या काळाला साडेचार मीटर दोरी पुरते. बेळगाव किल्ल्यातील कमल बसदी १२०४ ची. तिच्यापर्यंत पोहोचायला आणखी ३६ मीटर लागतात. दोरी घेऊन अंगणाबाहेर पडावे लागले की ‘आठशे वर्षे’ या शब्दाला वजन येते. बसदीच्या छतावरील दगडी कमळ पाहून कागदावर रेखाटावे. संरक्षित वास्तूवर कागद ठेवून ठसा घेणे मात्र टाळावे. त्याच किल्ल्यात १५१९ ची सफा मशीद आहे. दोन्ही वास्तू एकाच फेरीत पाहाव्यात.

टिळकवाडीतील काँग्रेस विहीर हे दुसरे स्थळ. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधी यांच्या अध्यक्षतेखाली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले हे एकमेव अधिवेशन. त्या काळात पाण्यासाठी ही विहीर खोदली गेली. कठड्याभोवती सुतळी फिरवून परीघ मोजावा आणि त्यावरून व्यास काढावा. पण येथेच थांबू नये. त्या अधिवेशनाच्या वेळी बेळगावातच कर्नाटक एकीकरणाची परिषदही भरली होती. पुढे मे १९४६ मध्ये याच शहरात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखालील मराठी साहित्य संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राचा ठराव केला. दोन्ही स्वप्ने एकाच गावात मांडली गेली. मराठी घरातील मुलाने पहिल्या घटनेचीही चिठ्ठी दोरीला लावली पाहिजे, तरच ती दोरी इतिहासाची ठरेल.

निपाणीत साधन बदलते. तंबाखू आणि विडी यांवर उभ्या राहिलेल्या या गावात मांडीवर सूप घेऊन विड्या वळलेली आजी शेजारीपाजारी सहज भेटते. मजुरी हजार विड्यांवर मिळते. तंबाखूला हात न लावता, रद्दी कागदाचे तुकडे कातरून, वळून, दोऱ्याने बांधून मुलाने अर्ध्या तासात किती होतात ते मोजावे आणि हजाराला किती तास लागतील याचा हिशेब मांडावा. मग आजीला प्रश्न विचारावेत. बोलण्यात १९८१ चे आंदोलन बहुधा येईलच. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक महामार्गावर बसले होते आणि एप्रिलमधील पोलिस गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. आजीने सांगितलेले तिच्याच शब्दांत टिपावे, नंतर वाचनालयात त्या दिवसांची वृत्तपत्रे काढून पाहावीत. तारखा किंवा आकडे जुळले नाहीत, तर आजीचे वाक्य खोडू नये. वहीत दोन रकाने आखून दोन्ही माहिती समोरासमोर लिहावी आणि फरक कशामुळे पडला असेल, ते मुलालाच शोधू द्यावे.