जुन्या गाडीला नवा दिवा

केळझरच्या सिद्धिविनायकाची टेकडी मागे टाकून गाडी शेताच्या रस्त्याला लागली, की हेडलाइटचा खरा कस लागतो. बुटीबोरीहून वर्ध्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 361 आता चौपदरी झाला आहे, पण त्याला मिळणारे फाटे अजून अंधारेच आहेत. बोरचं जंगल, म्हणजे 2014 पासूनचा व्याघ्र प्रकल्प, इथून फार लांब नाही. कपाशीतून रानडुकरांचा कळप किंवा एखादा रोही कधी समोर उभा राहील, याचा भरवसा नाही. त्यामुळे इकडच्या जुन्या जीप आणि मारुती गाड्यांच्या बंपरवर जादा दिव्यांची जोडी हमखास दिसते. माझ्या मारुती 800 लाही मी ती बसवून घेतली. एका दुकानात अर्ध्या तासात काम झालं, आणि आठवडाभरात डॅशबोर्डखालून जळक्या प्लॅस्टिकचा वास येऊ लागला.

उघडून पाहिलं तर पार्किंग लाइटच्या बारीक वायरला मध्येच सोलून नवी वायर गुंडाळली होती. वरून काळी चिकटपट्टी. दोन्ही दिव्यांचा करंट त्या वायरीतून आणि डॅशवरच्या चिमुकल्या स्विचमधून जात होता. एकदा फ्यूज उडाला, तेव्हा जागेवर मोठ्या आकड्याचा फ्यूज टाकून दिला होता. हे फार गंभीर आहे. सिगारेटच्या पाकिटातली चांदी फ्यूजला गुंडाळून गाडी चालवणारेही मी पाहिलेत, आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो.

फ्यूज दिव्याला वाचवायला नसतो, तो वायरीला वाचवायला असतो. गाडीत 12 व्होल्टच तर आहेत, त्याने काय होणार, असं लोक म्हणतात. हाताला झटका बसत नाही हे खरं. पण बॅटरीचं धन टोक थेट बॉडीला टेकलं तर क्षणात शेकडो अँपिअर वाहतात. तेवढ्यात पातळ वायर लाल होते, तिचं प्लॅस्टिक पेट घेतं, आणि शेजारून पेट्रोलची नळी गेलेली असते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. तो दिव्याजवळ लावला, तर बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी वायर उघड्यावर पडते.

आता हिशेब. 55 वॅटचा हॅलोजन 12 व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या थोडं वर खेचतो. दोन दिव्यांचे झाले नऊ. पाऊण चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पाच मीटर फिरवली, तर नऊ अँपिअरला तिच्यातच एक व्होल्ट जिरतो. व्होल्टेज दहा टक्के घसरलं की हॅलोजनचा उजेड साधारण तीस टक्के कमी होतो. म्हणजे दिवे नवे, पैसे मोजलेले, आणि रस्त्यावर पडतो तो पिवळट मिणमिणता उजेड. मग माणूस 100 वॅटचे बल्ब टाकतो, करंट आणखी वाढतो, वायर आणखी तापते.

मला हे समजावलं ते गावाकडच्या एका म्हाताऱ्या वायरमनने. बॉनेट उघडून ते म्हणाले, “बल्ब मोठा करून काय होते भाऊ? वायर तर तेवढाच पतला हाये ना!” मग त्यांनी मला बॅटरीपाशी आणि दिव्यापाशी मीटर लावून दाखवला. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.9, दिव्यावर 12.4. दीड व्होल्ट वाटेतच संपला होता.

त्यावरचा उपाय म्हणजे रिले, दीड-दोनशे रुपयांची चौकोनी डबी. कालव्याच्या दाराचं चाक एक माणूस हाताने फिरवतो, पण पाणी त्याच्या हातातून जात नाही. रिलेचं काम तसंच आहे. डॅशवरच्या स्विचमधून जेमतेम पाव अँपिअर जातो, त्याने आतल्या गुंडाळीत चुंबकत्व येतं, आणि जाड करंटचं दार उघडतं. डबीच्या पायांवर जर्मन प्रमाणानुसार आकडे छापलेले असतात. 30 ला बॅटरीहून फ्यूजमार्गे आलेली जाड वायर, 87 वरून दिव्यांकडे, 86 ला स्विचची वायर, 85 बॉडीला. वायर अडीच चौरस मिलिमीटरची, फ्यूज 15 अँपिअरचा, पात्याचा असेल तर निळ्या रंगाचा. जुन्या वायरिंगला या कामात हात लावायचा तो फक्त स्विचला किल्लीबरोबर चालू-बंद होणारा करंट देण्यापुरता.

किल्लीचा हा मुद्दा लहान वाटतो, पण कॅमेरा किंवा ट्रॅकर थेट बॅटरीवर जोडणाऱ्यांनी तो नीट ऐकावा. सतत 100 मिलिअँपिअर खाणारं यंत्र दिवसाला 2.4 अँपिअर-तास घेतं. 35 अँपिअर-तासांची बॅटरी लग्नसराईत गाडी उभी राहिली तर आठवडाभरात निम्मी रिकामी होते.

आमचा बराच वेळ गेला तो अर्थिंगला. करंट जातो तितकाच परत यावा लागतो, आणि परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. वीस वर्षांच्या गाडीत त्या पत्र्यावर रंगाचे थर, गंज आणि पावसाळ्यांचा चिखल असतो. वायरमनकाकांनी बोल्टभोवतीचा रंग कानशीने घासून पत्रा चकचकीत केला, थिंबल दाबून बसवलं, आवळलं आणि वरून ग्रीस फासलं. आतल्या पत्र्यातून वायर नेताना भोकाला रबरी बूच घातलं, कारण पत्र्याची धार हादऱ्यांनी वायर कापत राहते. जोडांवर चिकटपट्टीऐवजी तापवून आवळणारी नळी चढवली. विदर्भात मे महिन्यात सावलीत पारा 45 च्या पुढे जातो. बॉनेटखाली तर विचारूच नका. चिकटपट्टीचा डिंक तिथे वितळून ओघळतो आणि जोड उघडा पडतो.

दिवे बसवून झाल्यावर आम्ही ते भिंतीसमोर धरून खाली झुकवले. समोरच्या मोटारसायकलवाल्याचे डोळे दिपवून आपल्याला दिसलं, तर त्या दिसण्याला काही अर्थ नाही. हॉर्नचंही तसंच: दुसरा हॉर्न लावायचा तर रिले तोच, पण अनेक सुरांचा कर्कश हॉर्न 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी बंद केला आहे. पंधरा वर्षांनंतर नोंदणी वाढवताना गाडी तपासणीला न्यावी लागते, तेव्हा लोंबणाऱ्या वायरी सहज नजरेत भरतात.

संध्याकाळी पुन्हा मीटर लावला. दिव्यावर 13.5. रात्री टेकडीखालून शेताच्या रस्त्याने दोन किलोमीटर गेलो, दिवे अर्धा तास चालू ठेवले, मग बॉनेट उघडून नव्या वायरीवर बॅटरीपासून दिव्यापर्यंत हात फिरवला. इंजिनपासून लांबच्या टोकाला ती गार होती.