रासायनिक अभियंत्यांसाठी सेवेची विविध क्षेत्रे

उज्जैनचे देवास गेट हे माळव्यातील वाहतुकीचे एक गजबजलेले केंद्र होय. येथील बसस्थानकावरून व नजीकच्या रेल्वेस्थानकावरून सहज गाठता येतील अशा उद्योगांचा विचार केला, तरी रासायनिक अभियांत्रिकीचे क्षेत्र किती विस्तृत आहे याची कल्पना येते.

रासायनिक अभियंता म्हणजे प्रयोगशाळेत काम करणारा रसायनशास्त्रज्ञ, असा समज पुष्कळ पालकांत आढळतो. वस्तुतः दोघांची कार्ये भिन्न आहेत. रसायनशास्त्रज्ञ नवा पदार्थ परीक्षानळीत तयार करतो. तोच पदार्थ टनावारी, माफक खर्चात व सुरक्षितपणे कसा तयार करावा, हे अभियंता ठरवितो. उष्णता किती द्यावी, मिश्रणातील घटक वेगळे कसे करावे, हे प्रश्न बहुतेक उद्योगांत उद्भवतात. म्हणूनच त्याच्या ज्ञानास अनेक ठिकाणी वाव आहे.

नागदा येथे १९५४ पासून लाकडाच्या लगद्यापासून व्हिस्कोज धागा तयार होत आहे. देवास येथील बँक नोट मुद्रणालयात नोटांच्या छपाईबरोबरच खास शाईही बनविली जाते. माळव्यातील सोयाबीनचे तेल हेक्झेन या द्रावकाच्या साहाय्याने काढले जाते. दुग्धालये, औषधांचे व खतांचे कारखाने, तेलशुद्धीकरण, सांडपाण्याचे शुद्धीकरण, प्रदूषण नियंत्रण मंडळे, अध्यापन व संशोधन ही आणखी काही क्षेत्रे होत.

या व्यवसायातील जबाबदारीही मोठी आहे. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या कीटकनाशक कारखान्यातील टाकीत पाणी शिरून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला आणि हजारो माणसे प्राणास मुकली. साठा थंड ठेवणारी यंत्रणा त्या वेळी बंद होती. असे धोके आधीच ओळखून ते टाळणारा सुरक्षा अभियंता, हीदेखील याच शाखेतील एक महत्त्वाची सेवा आहे.

गोव्यातील माशेल येथे जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी १९६६ मध्ये मुंबईत या विषयाची पदवी घेतली. पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि १९९५ ते २००६ या काळात वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते.

उज्जैन येथे १९६६ साली स्थापन झालेल्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात या शाखेचे शिक्षण मिळते. त्यासाठी बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे विषय घेणे इष्ट होय. ग्रामीण भागातील शिक्षकांनी ही माहिती दहावीतील मुलामुलींना वेळीच द्यावी. कारण विषयांची निवड एकदा चुकली की हा मार्ग पुढे सहसा खुला होत नाही.