झाडाला पास लागतो, मग मजुराचा हिशेब तोंडी का?

पावसाळ्याच्या तोंडावर गिरड-समुद्रपूर भागात झाडांची कामं निघतात. विजेच्या तारांना लागलेल्या फांद्या छाटायच्या, धुऱ्यावरची बाभूळ उतरवायची, मालकीच्या शेतातला साग तोडून गाडीत भरायचा. संत्र्याच्या बागेत सल काढायची. ही कामं घेणारे ठेकेदार मोठे नसतात. एक कटर मशीन, दोर, कुऱ्हाडी, भाड्याचा ट्रॅक्टर आणि चार-सहा मजूर, एवढ्यावर धंदा चालतो. आपल्यातले तरुणही या धंद्यात उतरतात, आणि उतरावंच. पण एक गोष्ट आधी समजून घेऊ.

सागाचं लाकूड हलवायचं तर त्यावर शिक्का लागतो, वाहतुकीचा पास लागतो. ते तोडणाऱ्या माणसाचा कागद मात्र कुठेच नसतो. त्याने उचल किती घेतली, मजुरी किती ठरली, किती फिटली, हे फक्त ठेकेदाराच्या डायरीत असतं. वेठबिगारी तिथूनच सुरू होते.

उचल फिटत का नाही?

समजा, एका मजुराने २०,००० रुपये उचल घेतली. गावात रोज ४०० रुपये आहे, पण उचल दिली म्हणून ठेकेदार २५० रुपयेच धरतो. तीन महिन्यांत ७२ दिवस काम झालं. मजुरी झाली १८,०००. त्यातून किराण्याचे ६,००० आणि औषधाचे १,५०० कापले. उरले १०,५००. म्हणजे तीन महिने राबूनही ९,५०० रुपये अंगावरच. ४०० रुपये रोजाने हाच हिशेब केला तर मजुरी २८,८०० होते. तीच कपात करूनही उचल पूर्ण फिटते आणि १,३०० रुपये हातात येतात.

यात कोणी कोणाला साखळीने बांधलं नाही. कमी धरलेल्या रोजाने बांधलं. पुढच्या हंगामात "आधी बाकी फेड, मग दुसरीकडे जा" असं म्हटलं की बंधन पूर्ण झालं.

कायदा काय म्हणतो?

उचल देणं हा गुन्हा नाही. उचलीच्या बदल्यात माणसाचं स्वातंत्र्य घेणं हा गुन्हा आहे. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा, १९७६ नुसार चार गोष्टी तपासायच्या. मजुरी नाही किंवा नाममात्र आहे का? दुसरीकडे काम धरायला मनाई आहे का? गाव सोडून जायला अडवणूक आहे का? आपली मेहनत किंवा माल बाजारभावाने विकता येत नाही का? कर्जापोटी यातली एकही गोष्ट घडत असेल तर ती वेठबिगारी. असं कर्ज कायद्यानेच संपलेलं आहे. आपण वेठबिगारी करवून घेत नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड.

१९८२ च्या एशियाड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं ही संविधानाच्या कलम २३ खालची सक्तीची मजुरीच आहे. भुकेपोटी माणूस 'हो' म्हणाला, म्हणून ती सक्ती संपत नाही.

हे लांबचं नाही

रायगड, ठाणे, पालघरच्या कातकरी कुटुंबांना कोळसाभट्टीचे ठेकेदार अशाच उचलीवर नेत आले आहेत. झाडं तोडायची, भट्टी लावायची, कोळसा पोत्यात भरायचा आणि हंगामाच्या शेवटी बाकी ऐकायची. वसई भागातल्या वेठबिगारांना सोडवण्यासाठी विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेला दीर्घ लढा द्यावा लागला. आपल्या विदर्भात गुढीपाडव्याला ठरणाऱ्या सालगड्याची उचलही पुष्कळदा याच वाटेने जाते.

आपल्यासाठी तर हा इतिहास घरचा आहे. महारकीच्या वतनात कामाला वेळ नव्हती, मोबदल्याला माप नव्हतं आणि घरातल्या कोणालाही राबवता येत असे. त्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं. त्यांचं नाव घेणाऱ्याच्या डायरीत दुसऱ्या कोणाची बेहिशेबी बाकी असू नये.

सम्यक आजीविका म्हणजे काय?

तथागतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले. त्यात शस्त्र, मांस, मद्य आणि विष यांच्यासोबत माणसांचा व्यापारही आहे. सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत: ताकदीप्रमाणे काम, अन्न आणि वेतन, आजारपणात देखभाल, चांगलंचुंगलं वाटून खाणं आणि वेळेवर सुट्टी. लहान ठेकेदाराने ती अशी पाळावीत:

१. प्रत्येक मजुराला स्वतःची वही द्या. उचल, हजेरी आणि चुकारा त्यात लिहा. वाचता येत नसेल तर घरच्यांसमोर वाचून दाखवा.
२. उचल असो वा नसो, रोज सारखाच धरा. तो किमान वेतनाखाली नको.
३. आठवड्याला चुकारा करा. उचलीची कपात थोडी आणि आधी ठरलेली ठेवा.
४. झाडावरून पडला, मशीन लागली, तर औषधाचा खर्च मजुराच्या नावावर मांडू नका. तो मालकाचा आहे.
५. आधार कार्ड, बँक पासबुक, मोबाइल ताब्यात ठेवू नका.
६. मुलांना कामावर घेऊ नका.
७. मजूर मुकादमाकडून येत असतील तर पैसे मुकादमाच्या नव्हे, मजुराच्या हातात द्या.

दिसलं तर काय करायचं?

आधी मजुराशी एकटं बोला. ठेकेदाराला लगेच जाब विचारला तर तो रातोरात माणसं हलवू शकतो. तक्रार लेखी करा आणि पोच घ्या. ती जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे द्यायची. जिल्हा आणि उपविभाग या दोन्ही पातळ्यांवर दक्षता समिती असणं कायद्याने बंधनकारक आहे. सुटकेनंतर मुक्ती प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय थांबू नका. केंद्राच्या योजनेत तातडीची मदत ३०,००० रुपयांपर्यंत आहे. पुरुषाला एक लाख आणि स्त्रिया-मुलांना दोन लाख रुपये पुनर्वसन साहाय्य आहे, अत्याचाराच्या गंभीर प्रकरणात तीन लाख. मजूर अनुसूचित जाती-जमातीचा आणि राबवणारा त्याबाहेरचा असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागतो. मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००, मुलांसाठी १०९८.

दर रविवारी आपण विहारात वंदनेला बसतो. या उन्हाळ्यात वंदनेनंतरचा एक तास मजुरांच्या वह्या तपासायला द्या. हिशेब मांडता येणारे पोरं-पोरी आता प्रत्येक गावात आहेत.

जय भीम! नमो बुद्धाय!