नऊ मिलिमीटरची बार्शी लाईट



या पानावर एरवी बेणे, खताची मात्रा, तोडणीचा क्रम आणि उताऱ्याचे आकडे असतात. या खेपेला आम्ही थोडा बांध ओलांडून खेळण्यातल्या आगगाडीविषयी लिहिणार आहोत. काही मंडळी म्हणतील, संपादक मंडळाला हंगाम संपला की कामधंदा उरत नाही. म्हणोत बापडे. पण उजनीच्या काठावर राहणाऱ्या आपल्या लोकांचा आगगाडीशी जो संबंध आला, तसा फार थोड्या मुलुखाचा आला असेल. आपली एक लाईन पाण्याखाली गेली आणि दुसरी उखडली गेली.

पहिली लाईन मुंबई-सोलापूरची. जी. आय. पी. कंपनीने १८५८ साली ती पुण्याहून डिकसळपर्यंत आणली, १८५९ साली बार्शी रोडपर्यंत म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत नेली आणि १८६० साली सोलापूर गाठले. पुढे भीमेवर उजनी धरण झाले. १९८० साली ते पुरे झाले आणि सुमारे ११७ टीएमसीचा पाणीसाठा उभा राहिला. त्या पाण्यासाठी गावे उठली, देवळे बुडाली, काळ्या रानाचे पट्टे गेले, हे आम्ही सांगायला नको. सभासदांपैकी कितीतरी घरे त्याच धरणग्रस्तांची आहेत. त्या वेळी रेल्वेलाही आपले जुने रूळ सोडून नव्या वाटेने जावे लागले. डिकसळचा ब्रिटिशांच्या काळातला रेल्वेपूल पुढे करमाळा आणि इंदापूर तालुक्यांना जोडणारा रस्त्याचा पूल म्हणून वापरात आला. ज्या पुलावरून मेल गाड्या गेल्या त्याच पुलावरून पुढे दुचाक्या आणि ट्रॅक्टर गेले.

दुसरी लाईन म्हणजे आपली बार्शी लाईट. अडीच फुटी रुळांची. १८९७ च्या मार्चमध्ये बार्शी रोड ते बार्शी असे एकवीस मैल ती सुरू झाली. १९०६ साली पंढरपूर, १९११ साली लातूर आणि १९२७ साली मिरज असे तिने हातपाय पसरले, ते सव्वातीनशे किलोमीटरपर्यंत. १ जानेवारी १९५४ रोजी ती सरकारने ताब्यात घेतली. सन २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्याने सगळी लाईन रुंद झाली. रुंद झाली हे चांगलेच झाले. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली ती याच वाटेने, आणि लहान गाडीने ते पाणी कुर्डुवाडीमार्गे असे एका दमात नेलेच नसते. पण लहान गाडी गेली ती गेलीच.

आता बालपणाकडे वळू. आमच्या पिढीतल्या पोरांना दुकानातली आगगाडी माहीत नव्हती. जत्रेत पत्र्याची, किल्लीची गाडी दिसायची. तिच्याभोवती घोळका करायचा, दुकानदार ओरडेपर्यंत बघायची आणि आईने हात धरून ओढले की रडत निघायचे. घरी येऊन मग आपली गाडी आपण करायची. रिकाम्या काडेपेट्या दोऱ्यात ओवल्या की झाला मालगाडीचा रेक. इंजिनाला ज्वारीचे धाट. धाट सोलून त्याच्या सालाचे आरे, आतल्या भेंडाची चाके. बैलगाडी करायची तीच विद्या, फक्त धुराड्याच्या जागी एक कांडे उभे खोचायचे. तुटक्या स्लीपरचे रबर मिळाले तर चाके पक्की व्हायची. ज्यांना तेवढेही जमत नसे ते एकमेकांचे सदरे मागून धरून वाडीभर झुकझुक करीत फिरत, आणि सगळ्यात थोराड पोरगा इंजिन होई. त्यावरून भांडणेही होत. बेंदराच्या मातीच्या बैलांना कौतुकाने कोनाडा मिळायचा, काडेपेटीची गाडी मात्र दुसऱ्या दिवशी चुलीत जायची.

खरी लहान गाडी त्या खेळण्यासारखीच वाटे. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीशेजारी ती उभी राहिली की म्हशीच्या कडेला रेडकू. आषाढी-कार्तिकीला टपावरसुद्धा माणसे बसलेली. कुर्डुवाडीत हमाल मंडळी लहान डब्यातला माल मोठ्या डब्यात पाठीवरून भरीत, कारण दोन्ही रुळांची रुंदी वेगळी. आज हे डोळ्यांनी पाहिलेली माणसे सगळी उतारवयाकडे झुकली आहेत.

जगात असा छंद करणारी मोठी जमात आहे. हे लोक खऱ्या रेल्वेची मापे घेऊन तिची बरहुकूम लहान प्रतिकृती करतात, तीवर सिग्नल, स्टेशन, पूल, झाडे बसवितात आणि विजेवर गाड्या चालवितात. यात पोरे थोडी आणि पिकल्या केसांची माणसे जास्त. सर्वांत चालणारे प्रमाण एकास सत्त्याऐंशी. म्हणजे सत्त्याऐंशी मीटरची वस्तू एक मीटरची. या प्रमाणाचे तयार रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे मिळतात, कारण ते युरोप-अमेरिकेच्या चार फूट साडेआठ इंची रुळांवरून काढलेले.

इथे आपल्या मोठ्या लाईनची पंचाईत होते. आपले रूळ साडेपाच फुटी, म्हणजे १६७६ मिलिमीटर. त्याला सत्त्याऐंशीने भागा, १९ मिलिमीटरहून थोडे जास्त येते. बाजारात मिळते साडेसोळा. त्यामुळे भारतीय गाडीची प्रतिकृती तयार रुळांवर ठेवली की अंगरखा सैल आणि पाय बारीक अशी दिसते. खटपटी लोक स्वतः रूळ ठोकतात, बाकीचे चालवून घेतात.

आणि आता बार्शी लाईट बघा. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. सत्त्याऐंशीने भागा: ८.७६. याहून लहान प्रमाणाच्या गाड्यांसाठी जगभर नऊ मिलिमीटरचे रूळ सर्रास विकले जातात. पाव मिलिमीटरचा फरक, तो कोणाच्या बापाला दिसत नाही! ज्या लाईनीला थोरली मंडळी खेळणे म्हणत आली, तिचे खेळणे सर्वांत बिनचूक होते. शिवाय हे रूळ नऊ इंची त्रिज्येत वळतात, म्हणजे दोन फूट बाय तीन फुटांच्या प्लायवूडवर, दिवाणाखाली सरकेल एवढ्यात, पूर्ण फेरा बसतो.

पण बार्शी लाईटची तयार गाडी मागायला जाल तर दुकानात मिळायची नाही. मिळते ती तिची विलायतेतली धाकटी बहीण. बार्शी लाईट उभारणारा इंजिनियर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. लहान लाईन म्हणजे कच्ची लाईन हे त्याला मान्य नव्हते. प्रत्येक चाकजोडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, आणि इंजिन असो की मालडबा, नियम एकच, हे त्याचे सूत्र. लीड्सच्या किट्सन कंपनीने तशी इंजिने बांधली. (गृहस्थ पुढे विमानातून उडी मारायच्या छत्र्यांच्या मागे लागला, तोही एक छंदीच.) बार्शीचा अनुभव गाठीला बांधून त्याने इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अडीच फुटी लाईन केली. ती १९०४ साली सुरू झाली आणि १९३४ साली बंद पडली. तिच्या इंजिनांना आपल्याकडच्यासारखे भले थोरले दिवे होते. गाडी उणीपुरी तीस वर्षे चालली. तरी इंग्रज छंदी लोक तिची इंजिने, पिवळे डबे, एकेक स्टेशन मोजून मापून टेबलावर चालवितात. आपली शंभर वर्षे चालली. तिचे स्टेशन किती फूट लांब होते, पाण्याची टाकी किती उंच होती, हे आपल्या किती गावांत सांगता येईल?

ऊसकऱ्यांनी ऐकण्यासारखी आणखी एक गोष्ट. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये आजही उसाची वाहतूक दोन फुटी रुळांवरून होते. त्यांचे जाळे चार हजार किलोमीटरच्या आसपास आहे. तिथल्या छंदी लोकांत उसाच्या गाडीची प्रतिकृती फार आवडती. आपल्या बैलगाड्यांची रांग, डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर आणि वजनकाट्यावरची गर्दी कोणी केली तर ती कमी रंगतदार होणार नाही.

पुण्याला जाणाऱ्या सभासदांनी कोथरूडमधील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय जरूर पाहावे. भाऊ जोशी यांनी हयातभर जमविलेला हा छंद १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुला झाला. प्रमाण तेच, एकास सत्त्याऐंशी. एक सबंध गाव मांडले आहे, सर्कशीसह. दिवे मालवून रात्रीचा देखावा करतात तेव्हा पोरांपेक्षा बापांचीच तोंडे जास्त उघडी राहतात.

थोडे बाजारभाव. या धंद्यातली जुनी घराणी म्हणजे जर्मनीचे मार्कलिन आणि इंग्लंडचे हॉर्नबी. मार्कलिनने १८९१ साली रुळांची ठराविक मापे बाजारात आणली, म्हणून एकाच्या रुळावर दुसऱ्याची गाडी हा पुढचा सारा खेळ शक्य झाला. हॉर्नबीची चावीची गाडी १९२० सालची. मार्कलिनवर २००९ साली दिवाळखोरीची पाळी आली, त्यातून ते सावरले. हॉर्नबीचा माल विसाव्या शतकाच्या अखेरीपासून चीनमध्ये बनू लागला. आपल्या सरकारने खेळण्यांवरील आयात जकात २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के केली. प्रतिकृती गाड्याही याच खात्यात मोडतात. देशी खेळण्याला संरक्षण मिळाले हे योग्यच, पण नऊ मिलिमीटरचे रूळ इथे कोण बनवतो? साखरेच्या आयात-निर्यातीचे धोरण सोसलेल्या आपल्या माणसांना ही कथा नवी नाही.

तेव्हा परवडेल ते विकत घ्यावे आणि बाकीचे घरी करावे. रूळ आणि बारा व्होल्टची मोटर असलेला चालता सांगाडा तेवढा विकत; वरचे इंजिन आणि डबे जाड कागदाचे, पत्र्याचे, किंवा आता शहरात यंत्रावर प्लास्टिकचे छापूनही मिळतात. माणसे तर घरीच करावी लागतील. जर्मनीतून येणाऱ्या प्रायझरच्या शेतकऱ्याला हॅट असते आणि गाईला वशिंड नसते. आपला साडेपाच फुटी माणूस १९ मिलिमीटरचा होतो. त्याला टोपी घालायची तर सुईच्या टोकाने. दहा फुटी ऊस साडेतीन सेंटिमीटर; केरसुणीच्या काड्या हिरव्या रंगात बुडवून लावा, आडसाली की खोडवा हे जाणकाराने लांबून ओळखावे. मात्र सगळी लाईन करायला जाऊ नका. कुर्डुवाडी ते बार्शीच मांडायची तर ३९० मीटर जागा लागेल आणि उजनीची भिंत २९ मीटर. एक स्टेशन, एक ओढ्यावरचा पूल, पुरे झाले.

खरी अडचण मापांची आहे. फोटोवरून रंग कळतो, लांबी कळत नाही. फोटोत शेजारी माणूस उभा असला तर अंदाज येतो. म्हणून घरातल्या जुन्या फोटोंत मागे डबा, फलाट, टाकी, गेटमनची खोली काही दिसत असेल तर तो फोटो फेकू नये. कुर्डुवाडीच्या कारखान्यात किंवा लाईनीवर ज्यांनी नोकरी केली अशा वडीलधाऱ्यांना विचारावे: खिडक्या किती होत्या, दार बाहेर उघडे की आत, रात्री दिवा कुठे टांगीत. उत्तर वहीत लिहावे, खाली तारीख घालावी. शाळेतल्या पोरांना हे काम मे महिन्यात द्यावे. त्याच सुमारास पाणी उतरते, पळसदेवचे देऊळ उघडे पडते आणि काठावर जुन्या वहिवाटीच्या खुणाही दिसू लागतात. त्या पावलांनी मोजाव्यात, मग टेपने.

गाळात मात्र पोरांना उतरू देऊ नये. वरून वाळलेला दिसतो, आत कंबरभर असतो. डिकसळच्या पुलाचे फोटो काठावरूनच घ्यावेत.

संपादक मंडळ