हेतु, निमित्त आणि आपली न्यायबुद्धि

आपल्या पनवेल शहरांत कोणीं एखादें सार्वजनिक काम अंगावर घेतलें, कीं दुसऱ्या दिवशीं पेठेंत पहिला प्रश्न निघतो तो "काम बरें कीं वाईट?" असा नसून "यांत त्याचा हेतु काय?" असा असतो. तळ्यांतील गाळ काढण्यास वर्गणी देणाऱ्या व्यापाऱ्याचा डोळा निवडणुकीवर आहे. तुंबलेल्या गटाराची तक्रार करणारा गृहस्थ शेजाऱ्यावर सूड उगवीत आहे. शाळेसाठीं दारोदार फिरणाऱ्या बाई नांवलौकिकाला हपापलेल्या आहेत. असे निकाल पुरावा न घेतांच लागतात. या निकालांनीं चांगलीं कामें बुडतात हें तर उघडच आहे. पण त्यांच्या मुळाशीं असलेली चूक स्वभावाची जितकी, तितकीच भाषेची आहे, असें आमचें मत आहे. मनुष्यास कृतीला प्रवृत्त करणाऱ्या गोष्टींना मराठींत एक नव्हे, पांचसहा शब्द आहेत. आणि आपण मात्र ते सारे एकाच मापानें मोजतों.

आधीं शब्दांचाच विचार करूं. 'कारण' म्हणजे ज्यावांचून गोष्ट घडली नसती तें. पाऊस पडला म्हणून गाढी नदीला पूर आला, येथें कारण आहे. पण नदीला कांहीं हेतु नाहीं. 'निमित्त' म्हणजे नुसता प्रसंग. कावळा बसावयास आणि फांदी तुटावयास एक गाठ पडली, या म्हणींतला कावळा निमित्ताचा धनी आहे. फांदी आधींच किडलेली होती, हें कारण होय. 'प्रेरणा' मागून ढकलते, 'उद्देश' पुढून खुणावतो. 'प्रयोजन' हें मनाचें नसून वस्तूचें असतें. विहिरीचें प्रयोजन पाणी, मग ती खणणारा धर्मात्मा असो कीं मानाचा भुकेला. राहिला 'हेतु'. या शब्दाचें मूळ संस्कृतांतील ढकलणें, धाडणें या अर्थाच्या धातूंत आहे. पण मराठीनें त्याच्याकडून मागची प्रेरणा आणि पुढचा उद्देश, दोन्ही ओझीं वाहविलीं. म्हणूनच हेतूविषयीं बोलतांना आपण पाठ पाहून बोलतों कीं तोंड पाहून, हें आपलें आपल्यासच उमगत नाहीं.

ही शब्दांची कसरत निरुपयोगी आहे असें ज्यांस वाटेल, त्यांनीं गोव्याच्या सडकेनें शिरढोणपर्यंत जाऊन यावें. त्या गांवीं ४ नोव्हेंबर १८४५ रोजीं वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. पुढें ते पुण्यास लष्करी हिशेबाच्या कचेरींत नोकरीस लागले. आई अत्यवस्थ आहे असें कळल्यावर त्यांनीं रजा मागितली. ती वेळेवर मिळाली नाहीं, आणि मातेचें अखेरचें दर्शन त्यांस अंतरलें. फडक्यांच्या बंडाचें कारण विचारलें तर आजहि दहांपैकीं आठजण हीच गोष्ट सांगतील. सांगणारे भक्तीनें सांगतात. पण अशा सांगण्यानें आपण एका मोठ्या पुरुषास रजेच्या अर्जाएवढा लहान करतों, हें त्यांच्या ध्यानांत येत नाहीं.

रजा नाकारलेले कारकून त्या काळीं थोडे नसतील. त्यांपैकीं शस्त्र धरणारे किती निघाले? शिवाय या दुःखानंतरहि कित्येक वर्षें फडके त्याच नोकरींत होते. मधल्या काळांत न्यायमूर्ति रानडे यांच्या व्याख्यानांतून देशाच्या दारिद्र्याची मीमांसा त्यांच्या कानीं पडली. लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमींत अंगाला शस्त्राची सवय झाली. आणि १८७६-७७ च्या दुष्काळांत माणसें अन्नावांचून मरतांना पाहून मन पेटलें. तेव्हां दुष्काळ व परकी अंमल हें कारण, व्याख्यानांतून झालेलें ज्ञान ही प्रेरणा, परकी सत्ता उलथून टाकणें हा उद्देश, आणि आईची न मिळालेली रजा हें फार तर निमित्त. आईचें दुःख खोटें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. त्या दुःखानें परक्या राज्याचें खरें रूप त्यांच्या घरांत आणून दाखविलें. पण दिवा घेऊन आलेल्या माणसास घराला आग लावणारा म्हणूं नये.

याच्या उलट चूक तत्कालीन सरकारानें केली. १८७९ सालच्या फेब्रुवारींत धामारी येथें पहिला छापा पडला. मे महिन्यांत दौलतराव नाईकांच्या टोळीनें कोंकणांत उतरून थेट आपल्या पळस्प्यास लूट केली. सरकारानें कृत्य पाहिलें आणि कर्त्यास दरोडेखोर ठरविलें. आतां हें खरें कीं, ज्या सावकाराची तिजोरी फुटली त्याला फडक्यांच्या उद्देशानें एक पैहि परत मिळाली नाहीं. हेंहि खरें कीं, टोळींतील कित्येकांचें चित्त लुटीच्या वाट्यावर होतें, व फडके स्वतः त्यामुळें खिन्न झाले होते. परंतु जुनी राखणदारी जाऊन उपाशी पडलेला रामोशी, आपल्या नायकाच्या शब्दाला जागणारा गडी आणि स्वराज्यासाठीं पैसा उभारणारा फडके, हे तिघे एकाच रात्रीं एकाच वाड्याची भिंत चढले, म्हणून तिघांची प्रेरणा एक होती असें ठरत नाहीं. कृत्य एक असतां उद्देश अनेक असूं शकतात.

खटला पुण्यास चालला. सार्वजनिक काकांनीं, म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांनीं, त्यांचें वकीलपत्र घेतलें. फडक्यांनीं स्वहस्तें लिहिलेलें आत्मवृत्त व रोजनिशी हाच त्यांच्याविरुद्ध मोठा पुरावा झाला. म्हणजे ज्या कागदांनीं त्यांचा उद्देश दरोड्याहून वेगळा ठरला, त्यांनींच त्यांस काळ्या पाण्यावर धाडलें. एडनच्या तुरुंगांत १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं त्यांचा अंत झाला.

कायद्याचें धोरण या बाबतींत शिकण्यासारखें आहे. कायदा हेतु आणि उद्देश यांची गल्लत करीत नाहीं. मनुष्यानें कृत्य जाणूनबुजून केलें कीं नाहीं, हा उद्देशाचा प्रश्न. तें त्यानें कां केलें, हा हेतूचा. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें हेतु ही पुराव्यांत येऊं शकणारी गोष्ट मानली होती, व १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमानेंहि तेंच धोरण ठेवलें आहे. पण हेतु चांगला म्हणून गुन्हा माफ होत नाहीं, आणि हेतु वाईट म्हणून कायदेशीर कृत्य गुन्हा होत नाहीं. आमची पेठ मात्र नेमकें उलटें करते. ती कृत्य पाहतच नाहीं, आणि हेतु पुराव्यावांचून सिद्ध धरते.

अशा निकालांची किंमत या तालुक्यानें मोजलेली आहे. १९७० सालापासून नव्या मुंबईसाठीं पनवेल-उरणच्या जमिनी घेण्यांत आल्या. १८९४ च्या कायद्यांतील परवलीचा शब्द होता 'सार्वजनिक प्रयोजन'. हा शब्द उच्चारला कीं घेणाऱ्याच्या हेतूची चौकशी थांबे. आणि देणाऱ्यानें रास्त मोबदला मागितला कीं त्याच्या हेतूची चौकशी सुरू होई. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकरी उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्यें गोळीबार होऊन पांच जण प्राणास मुकले. पुढें साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचें तत्त्व मान्य झालें. त्या मागणीला लोभ म्हणणारे आजहि भेटतात. ज्याचें घेतलें त्यानें त्याचा वाजवी भाव मागणें याला हक्क म्हणतात. दुसऱ्याचें गरजेपलीकडे मागणें याला लोभ म्हणतात. हे दोन शब्द ज्यांस वेगळे करतां येत नाहींत, त्यांनीं दुसऱ्याच्या मनाचा न्याय करावयास बसूं नये.

व्यापारी वाचकांस आमचें सांगणें त्यांच्याच धंद्याच्या रीतीनें समजेल. जमा आणि खर्च एका रकान्यांत लिहिणाऱ्या मुनिमाला आपण एक दिवसहि ठेवणार नाहीं. मग माणसाचें कारण, निमित्त, प्रेरणा आणि उद्देश एकाच रकान्यांत लिहून त्याच्या अब्रूचा ताळेबंद आपण कसा काढतों? तक्रार आली तर आधीं गटार तुंबलें आहे कीं नाहीं तें पाहावें. वर्गणी आली तर तळ्यांतून गाळ निघाला कीं नाहीं तें पाहावें. देणाऱ्याला नांवाची हौस असेल तर असो. तळ्याचें पाणी त्यामुळें खारट होत नाहीं. हेतूचा शोध अगदीं घेऊंच नये असें नाहीं; पण तो शेवटीं घ्यावा, पुराव्यानें घ्यावा, आणि पहिल्यानें स्वतःच्या घरापासून घ्यावा. दुसऱ्याचा हेतु विचारण्यांत आपला स्वतःचा हेतु काय, या प्रश्नाचें उत्तर ज्याला सरळ देतां येईल, त्यानेंच तो खुशाल विचारावा.