सँडहर्स्ट आणि डोंगरी

कोपरहून मुंबईकडे निघालेली धीमी लोकल भायखळा सोडल्यावर ज्या स्थानकात थांबते, त्याच्या फलकावरील ‘सँडहर्स्ट रोड’ ही अक्षरे डोंबिवली-कोपरच्या चाकरमान्यांच्या अनेक पिढ्यांनी वाचली. परंतु हे नाव मुळात कोणत्या मुलखातले आणि ते कोणत्या निमित्ताने येथे येऊन स्थिरावले, याची चौकशी क्वचितच कोणी केली असेल. दोन्ही स्थानके दुमजली आहेत. कोपरला खाली मुख्य मार्ग आणि वर दिवा-वसईचा; सँडहर्स्ट रोडला खाली मुख्य मार्ग आणि वर हार्बरचा.

सँडहर्स्ट हे इंग्लंडातील बर्कशायर परगण्यातले गाव. प्राचीन इंग्रजीत ‘हर्स्ट’ म्हणजे झाडीने आच्छादलेली टेकडी, आणि ‘सँड’ म्हणजे वाळू; अर्थात वाळवट जमिनीवरील वनराजीची टेकडी, एवढाच त्या नावाचा साधा, शेतकऱ्याने ठेवावा असा अर्थ. पुढे 1812 साली तेथे लष्करी महाविद्यालय आले आणि टेकडीचे नाव सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणाशी कायमचे जोडले गेले. हिंदुस्थानचे सरसेनापती राहिलेल्या विल्यम मॅन्सफील्ड यांना 1871 साली उमरावपद मिळाले, तेव्हा त्यांनी याच गावाचे नाव किताबासाठी घेतले. त्यांचे चिरंजीव, दुसरे लॉर्ड सँडहर्स्ट, 1895 ते 1900 या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते.

हा काळ भयंकर होता. 1896 साली मांडवीच्या दाट वस्तीत ग्रंथिक ज्वराची साथ प्रकटली; 1897 साली पुण्यात प्लेग-अधिकारी रँडची हत्या आणि लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाचा खटला, या घटना याच गव्हर्नराच्या अंमलात घडल्या. साथीच्या धास्तीने 1898 साली स्थापन झालेल्या नगरसुधारणा मंडळाने कोंदट वस्त्या पाडून पूर्व-पश्चिम असे रुंद रस्ते आखले. समुद्राकडचा पश्चिमेचा वारा गल्लीबोळांत खेळावा, हा त्यामागचा स्पष्ट हेतू होता. अशाच एका रस्त्याला गव्हर्नराचे नाव मिळाले आणि रस्त्याचे नाव स्थानकाला. तो रस्ता आज सरदार वल्लभभाई पटेलांच्या नावाने ओळखला जातो. मूळ रस्त्याने टाकलेले नाव स्थानकाने तेवढे जपून ठेवले आहे.

आणि ज्या भूमीवर हे नाव लादले गेले, तिचे स्वतःचे नाव डोंगरी! वाळवट टेकडीच्या नावाने एका खऱ्या टेकडीचे नाव झाकले, हा योगायोग मला विलक्षण वाटतो. 1689 साली जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने मुंबईवर स्वारी केली, तेव्हा याच डोंगरीवर तोफा चढवून त्याने इंग्रजांच्या किल्ल्याला जेरीस आणले. हे उंच स्थान पुन्हा शत्रूच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी पुढे टेकडी सपाट केली आणि 1769 साली तेथे फोर्ट जॉर्ज उभारला. टेकडी गेली, तरी नाव लोकांच्या तोंडी राहिले. 1882 साली कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यामुळे टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस कैदेत होते, आणि आगरकरांनी त्या दिवसांवर लिहिलेल्या पुस्तकाच्या शीर्षकातही डोंगरीच आहे, हे मराठी वाचकास सांगावयास नको.

आपल्या कोपरचे नावही भूमीच्या आकृतीतून आले असावे, असे मला वाटते. संस्कृत ‘कूर्पर’ हा शब्द प्राकृतातून येऊन मराठीत ‘कोपर’ झाला. आणि खाडीकाठचे कोपर, ठाण्याची कोपरी, पलीकडचे कोपरखैरणे, गोदावरीतीरीचे कोपरगाव, ही सारी गावे पाण्यालगतची आहेत हे लक्षात घेतले म्हणजे नदी-खाडीच्या वळणाशी या नावाचा संबंध जोडणे अस्वाभाविक वाटत नाही.

ऑस्ट्रेलियातील बेंडिगो या सोन्याच्या खाणींच्या शहरालाही सरकारने सँडहर्स्ट हेच नाव दिले होते. 1891 साली रहिवाशांनी मतदान करून आपले रूढ नाव परत मिळविले. आपल्याकडे 2024 साली राज्य विधिमंडळाने सँडहर्स्ट रोड स्थानकास डोंगरी हे नाव द्यावे असा ठराव संमत केला. अंतिम अनुमती केंद्रीय गृहमंत्रालयाची लागते. हा ठराव मला सर्वथा न्याय्य वाटतो. मात्र रेल्वेच्या अधिकाऱ्यांना एक विनंती आहे: नवा फलक लावाल तेव्हा त्याच्या शेजारी टेकडीची, साथीची आणि त्या रस्त्याची हकिगत चार ओळींत मराठीत लिहून ठेवा, म्हणजे रोजच्या प्रवाशाला दोन्ही नावांची माहिती उभ्या उभ्या वाचता येईल.